वाफेचं शहर आणि आमची खाणावळ

मागच्या उन्हाळ्यात माझी भाची, म्हणजे धाकट्या रेखाची मुलगी, नांदेडला माझ्याकडं चार दिवस राहायला आली होती. हातात एक जाडजूड इंग्रजी कादंबरी. वर पितळी चष्मा लावलेली एक पोरगी, तिच्या मागं धुरांडी, दातेरी चाकं, नळ्या. "मावशी, याला स्टीमपंक म्हणतात," ती मला समजावून सांगू लागली. "सगळं जग वाफेवर चालतं. आणि ज्यांना कुणी जवळ करत नाही अशी पोरं शेवटी स्वतःला आहे तसं स्वीकारतात." मी म्हटलं, "आणि शेवटी चौकात टाळ्या वाजतात, हो ना?" पोरगी चाट पडली. "तू वाचलीयेस ही?" ही नव्हती वाचली. पण हिची थोरली बहीण शोभेल अशी एक मराठी कादंबरी मी एकोणिसाव्या वर्षी वाचली होती, आणि तिच्यापायी आमच्या घरात जे झालं ते मी आजवर रेखाशीसुद्धा नीट बोललेले नाही. भाची जाताना पुस्तक माझ्याकडंच ठेवून गेली. मी शब्दकोश घेऊन नेटानं वाचून काढलं. शेवट तोच निघाला. आधी राग आला, मग लाज वाटली. राग दोन दिवसांत गेला, लाज गेली नाही, म्हणून लिहायला बसले.

लातूरला आमची खाणावळ होती. गोलाईच्या, म्हणजे तिथल्या मुख्य बाजाराच्या, मागच्या अरुंद गल्लीत खाली जेवणाचा हॉल आणि चुलीची खोली, वर पत्र्याच्या दोन खोल्यांत आम्ही. हॉल म्हणायचं आपलं. शहाबादी फरशीची एक लांबट खोली, दोन्ही भिंतींकडेनं पाट मांडलेले. जेवायला कॉलेजची पोरं, महिन्याचे मेंबर. कुणी मुरुडचा, कुणी औशाचा, कुणी अर्धापूरच्या केळीच्या बागा सोडून शिकायला आलेला. आमच्याकडं मेंबरला नाव नसायचं, गाव हेच त्याचं नाव. "मुरुडला ताक दे." "औसा आज का आला न्हाई?" "अर्धापूरचं पोट बिघडलंय, त्याला नुसतं वरण-भात वाढ." बाहेरून ऐकणाऱ्याला वाटावं, ही माणसं गावंच्या गावं जेवायला घालतात.

आईला आम्ही अव्वा म्हणायचो. तिचं माहेर उदगीरकडचं, बोलणं निम्मं कानडी, आणि चिडली की पूर्ण कानडी. येसर, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्यांचं पीठ, घालून केलेली तिची आमटी गल्लीच्या तोंडापर्यंत वास मारायची. शेंगदाण्याची लाल चटणी ती उखळात इतकी कुटायची की तेल सुटून तिचा गोळा व्हायचा. रविवारी दुपारी हुग्गी, म्हणजे गव्हाची गुळातली खीर, वर तुपाची धार. त्या दिवशी एकही मेंबर चुकायचा नाही, आणि संध्याकाळी चूल बंद. भाकरी मात्र माझ्याकडं. काठवटीत पीठ मळायचं, थपथप थापायची, तव्यावर टाकून पाण्याचा हात फिरवायचा, मग निखाऱ्याला लावली की टम्म फुगायची. हॉलमधली पोरं त्या थपथपीवरून ओळखायची की गरम यायला लागली, आणि ताटावर सरसावून बसायची. वाढण्याचीही आमच्याकडं एक रीत होती. जेवणारा तोंडानं नको म्हणत नसे, ताटावर हात आडवा धरत असे. तो हात येईपर्यंत आग्रह करायचा. हात आला की आग्रह संपला. त्यानंतर वाढणं म्हणजे जेवणाऱ्याचा अपमान. "कांतेच्या हाताला चव हाय," असं अव्वा येणाऱ्या-जाणाऱ्या बायांना सांगायची. कांता म्हणजे मी. हाताला चव हाय पण हात दाखवायची सोय न्हाई, हे पुढचं ती बोलत नसे.

माझ्या हातांवर कोड होतं. होतं काय, आहे. अकरा-बारा वर्षांची असताना उजव्या हाताच्या दोन बोटांना तांदळाएवढे पांढरे ठिपके आले, आणि बघता बघता दोन्ही हात मनगटापर्यंत पांढरे झाले, मग ओठाचा एक कोपरा. उदगीरच्या वैद्यानं बावचीचं तेल दिलं. ते लावून उन्हात बसायचं, फोड यायचे, फोड फुटले की खाली परत तोच रंग. एका शहाण्या बाईनं सांगितलं की माशावर दूध प्यालं की असे डाग येतात. आमच्या सात पिढ्यांत कुणी मासा ताटात पाहिला नव्हता. अव्वा तिला म्हणाली, "आमच्यात मासा फकस्त पंचांगात असतो, मीन राशीला!" बाई गेली आणि अव्वा चुलीपुढं बसून किती तरी वेळ फुंकणीनं नुसतीच फुंकत राहिली. घरात तो शब्द कुणी उच्चारत नसे. 'त्ये' म्हणायचे. 'त्ये वाढलं का?' 'त्येला तेल लावलंस का?' अप्पा, म्हणजे माझे वडील, सकाळी लिंगपूजा करून कपाळाला विभूती लावून गल्ल्यावर बसायचे आणि "आपल्यात शिवाशिव मानत न्हाईत" हे अभिमानानं सांगायचे. ते खोटं बोलत नव्हते. आमच्या पंक्तीला कुठल्याही जातीचं पोरगं कुणाच्याही शेजारी बसायचं. पण खाणावळ हा दुसऱ्याच्या मनावर चालणारा धंदा. "झाकली मूठ सव्वा लाखाची, बाळ," एवढंच ते मला म्हणाले, आणि चुलीच्या खोलीच्या दाराला जाड निळा पडदा लागला. दहावी झाली तशी माझी शाळा संपली. मी पडद्याआड भाकरी करायची, भिंतीतल्या छोट्या खिडकीत ठेवायची, आणि तिथून उचलून रेखानं पंक्तीत वाढायची, असं ठरून गेलं.

आता गंमत बघा. थोरली पोरगी कधीच कुणापुढं येत नाही म्हटल्यावर मेंबरांनी आपल्या डोक्यानं एक गोष्ट रचली. म्हणे थोरल्या ताईंचं कसलं तरी कडक व्रत आहे, परपुरुषाच्या दृष्टीस पडायचं नाही, आंघोळ करून ओलेत्यानं स्वयंपाक करायचा, म्हणूनच भाकरीला ही चव. ओलेत्यानं चुलीपुढं बसले असते तर न्युमोनियानं मेले असते! पण जुना मेंबर नव्याला हे सांगायचा, नवा भक्तिभावानं घास मोडायचा. परीक्षेला जाताना एखादं पोरगं पडद्याकडं बघून हळूच हात जोडायचं. अप्पांनी ते कधी खोडलं नाही. उलट कुणी विचारलं तर "ज्याची त्याची श्रद्धा" म्हणून गप्प बसायचे. आणि मी? मला ते आवडायचं. लाज वाटते सांगायला, पण आवडायचं. ज्या हातांना बाहेर कुणी शिवलं नसतं त्यांना आत बसून नमस्कार मिळत होते.

खिडकीला लागूनच हात धुवायची मोरी होती. तिथं देगलूरची आणि माझी ओळख झाली. ओळख म्हणजे आवाजाची. तो सगळ्यांच्या शेवटी जेवायचा, सावकाश हात धुवायचा आणि भिंतीकडं तोंड करून बोलायचा, जसं काही भिंतीशीच बोलतोय. पहिल्यांदा म्हणाला, "थोरल्या ताई, आज भाकर लई भारी झाली होती." आठवड्यानं म्हणाला, "ताई, तुम्ही वाचता का?" मी म्हटलं, "दिलं तर वाचते." असं ते सुरू झालं. त्याला वाचायचा नाद. कॉलेजच्या लायब्ररीतून पुस्तकं आणायचा, स्वतः वाचून झालं की खिडकीच्या कडेला ठेवायचा. मी दुपारी भांडी झाली की शेगडीपाशी बसून वाचायचे आणि दोन दिवसांनी तिथंच परत ठेवायचे. मग त्या पुस्तकावर बोलणं. तो देगलूरकडचा, त्याच्या बोलण्यात मधेच तेलुगू यायचं, मी कानडीत उत्तर द्यायचे, दोघंही हसायचो. बोलता बोलता त्याचं 'ताई' कधी गळून पडलं ते मला कळलं, त्याला कळलं की नाही ठाऊक नाही. मी काळजीपूर्वक भाकर खिडकीत सरकवायचे, बोट दिसणार नाही अशी. त्याला वाटत असणार, व्रत पाळते.

एके दिवशी त्यानं ती कादंबरी ठेवली. नाव सांगत नाही. लेखक असतील अजून कुठं, सुखात असू देत. किशोर वाचकांसाठी लिहिलेली होती, कुठल्या तरी इंग्रजी पुस्तकावरून बेतल्यासारखी. वाफेवर चालणारं एक शहर. वाफेच्या गाड्या, वाफेची विमानं, चौकात वाफेवर चालणारं घड्याळ. शहराच्या पोटात भट्ट्या, आणि तिथं कोळसा घालणारी माणसं. वाफेनं भाजून भाजून त्यांची कातडी जागोजागी तांब्याच्या रंगाची झालेली. वरच्या लोकांना ती किळसवाणी वाटते म्हणून या माणसांनी वर यायचं असेल तर हातमोजे घालायचे, असा कायदा. त्यांच्यातली एक मुलगी, ताम्रा. सतरा वर्षांची. हात मनगटापर्यंत तांब्याचे. आता मी काय सांगू, ते वर्णन वाचता वाचता मी पुस्तक मांडीवर ठेवलं आणि माझे हात बघितले. कुणीतरी माझी गोष्ट छापली होती! पहिल्या अर्ध्या भागात ती मोजे घालून बाजारातून जाते, एक म्हातारा तिला चुकून हात देतो आणि मोज्यातून कळताच झटकतो, ती पानं मी इतक्यांदा वाचली की त्यांवर पिठाचे ठसे उमटले.

खरं तर तेव्हाच मला शंका यायला हवी होती. एवढ्या मोठ्या शहरात एवढी वाफ, आणि कुणाच्या घरी भात शिजत नाही! अख्ख्या पुस्तकात कुणी जेवत नाही, कुणाला भूक लागत नाही, ताम्राला आई नाही. खाणावळीतल्या पोरीला हे खटकायला पाहिजे होतं, आणि खटकलंही, पण मी ते बाजूला सारलं. कारण शेवट. शेवटी उत्सवाच्या दिवशी चौकातलं घड्याळ बंद पडतं, त्याचं तापलेलं चाक कुणाला हात लावता येत नाही, आणि ताम्रा सगळ्यांसमोर मोजे काढून फेकते, आपल्या तांब्याच्या हातांनी चाक फिरवते. घड्याळ चालू. नगरपती खाली वाकतो. चौक टाळ्यांनी दुमदुमतो. ताम्रा म्हणते, मी आहे तशीच पूर्ण आहे. मी ते प्रकरण वाचून ढसाढसा रडले. दुसऱ्या दिवशी देगलूरला खिडकीतून विचारलं, "शेवट कसा वाटला?" तो म्हणाला, "मला तर ती ताम्रा लई आवडली. अशी पोरगी भेटली तर मी तिचे हात हातात घेऊन गावभर फिरेन." नळ चालूच होता. त्या वाक्यावर मी पुढचे दिवस काढले.

रविवार आला. हुग्गीचा दिवस, हॉल भरलेला. मी नेहमीसारख्या भाकरी केल्या, दुरडी भरली. रेखा एका पंक्तीला आमटी वाढत होती, अव्वा तूप कढवत होती. मी रेखाचं अर्ध्या बाह्यांचं पोलकं सकाळीच घालून ठेवलं होतं, वर पदर घट्ट लपेटून. तो पदर मी खोचला, दुरडी उचलली आणि पडदा सारून बाहेर आले. मला आठवतं, पहिल्यांदा मला हॉल किती उजेडाचा आहे याचंच नवल वाटलं. चार वर्षं ज्या खोलीचा आवाज ऐकला ती मी गिऱ्हाइकांनी भरलेली कधी पाहिलीच नव्हती. कुजबुज झाली, "थोरल्या ताई! थोरल्या ताई!" दोघं-तिघं तर अदबीनं उठायला लागले. मग त्यांची नजर दुरडीवर गेली, दुरडी धरलेल्या हातांवर गेली, आणि उठणारे खाली बसले.

मी त्याला आवाजावरून शोधणार होते, पण शोधावं लागलं नाही. रेखा "देगलूर, आमटी?" म्हणाली तिकडं मी पाहिलं. काटकुळा, चष्मेवाला, मिसरूड फुटलेला एक साधा मुलगा. माझ्या मनातल्यापेक्षा फारच साधा, आणि त्यामुळं मला तो आणखीच आवडला. सरळ त्याच्यापुढं गेले, वाकले, भाकर पुढं केली. म्हटलं, "घ्या." त्याच आवाजात, जो तो रोज ऐकायचा. त्यानं माझ्या तोंडाकडं पाहिलं, मग हाताकडं. त्याच्या ताटात चतकोर भाकर उरली होती, आमटी तशीच होती. त्यानं ताटावर हात आडवा धरला. "पुरे, ताई," तो म्हणाला.

'ताई' परत आलं होतं. मी पुढं सरकले. रीतच ती, हात आल्यावर थांबायचं नाही. शेजारी औसा. हात आडवा. त्याच्यापुढं अर्धापूर. हात आडवा. सहा-सहा भाकरी हाणणारी पोरं, आत्ता कुठं दुसरी मोडलेली, आणि सगळ्यांचं पोट एकदम भरलं. कुणी वाईट बोललं नाही हो. कुणी तोंड वाकडं केलं नाही. उलट सगळे मान खाली घालून, अगदी सभ्यपणानं, "पुरे, बस, झालं." कुणी शिवी दिली असती तर मी दुरडी त्याच्या डोक्यात घातली असती, तेवढा माझा स्वभाव आहे. पण सभ्यपणाला काय उत्तर द्यायचं? मी एका पंक्तीच्या टोकापासून दुसऱ्या पंक्तीच्या टोकापर्यंत तशीच वाकत वाकत गेले. मधेच वळून आत पळायला हवं होतं, ते सुचलं नाही. प्रत्येकापुढं वाकून "घ्या" म्हणत राहिले. आजही बँकेत, लग्नात, कुठंही रांगेत माणसं समोर बसलेली दिसली की माझ्या कमरेत ते वाकणं येतं.

अव्वा तुपाचं भांडं घेऊन पडद्यापाशी उभी होती. तिनं सगळं पाहिलं. भांडं खाली ठेवलं आणि मधोमध आली. "काय रे, भरली पोटं?" ती म्हणाली. "एकदम भरली? चार वरसं ह्या हातच्या भाकरी गिळून राहिलात की रे! आमटी माझी, पर भाकर हिची. एकूण एक भाकर हिची. परीक्षेला जाताना हात जोडत होता न्हवं? ह्येच की ते हात!" अप्पा गल्ल्यावरून उठून "अगं, अगं, व्रत..." असं काहीतरी म्हणायला लागले, तशी ती त्यांच्यावर उलटली. "कसलं व्रत न् कसलं काय! कोड हाय तिला. कोड! सात वरसं झाली, ह्या घरात एकानं त्या रोगाचं नाव घेतलं न्हाई." तो शब्द आमच्या छपराखाली पहिल्यांदा मोठ्यानं बोलला गेला, आणि तोही भरल्या पंक्तीत. अर्धापूर उठून मोरीकडं पळाला. त्याच्या ओकण्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. मग एकेक ताट सरकवलं गेलं. हुग्गी तशीच राहिली. मला अव्वाचा अभिमान वाटायला हवा होता. मला वाटलं, ही गप्प का बसत नाही, धरणी का दुभंगत नाही.

सोमवारी जेवायला कुणी आलं नाही. मंगळवारी गल्लीतला एक सायकलवाला आणि एक आंधळा म्हातारा. अप्पा रागावले नाहीत, हे जास्त वाईट होतं. "हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते ह्येच," एवढं म्हणाले आणि गल्ला पुसत बसले. रेखा माझ्याशी बोलेना. तिचं तरी काय चुकलं? आता गावभर झालं होतं, आणि तिला बघायला येणारे आधी तिचे हात उलटेसुलटे करून बघणार होते. नांदेडच्या मावशीकडं मला पाठवून द्यावं, तिथं कुणी ओळखत नाही, इथं गाडं रुळावर येईल, असा विषय अप्पांनी काढला. अव्वा म्हणाली, "पोरगी हाय, उतरलेलं वरण न्हाई गटारीत वतायला." विषय तिथं थांबला, पण संपला नाही.

त्या आठवड्यात देगलूर एकदा आला. दुपारचा, हॉल रिकामा असताना. मोरीपाशी उभा राहिला, नळ न सोडताच. मी आत होते, त्याला ते कळलं असावं. "मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "पुस्तक राहू द्या तुमच्याकडंच." आणि गेला. मला वेडीला आधी वाटलं, भेट दिली. मग ध्यानात आलं की लायब्ररीचं पुस्तक कुणी भेट देतं का? माझ्या हातातून परत घ्यायचं नव्हतं त्याला. की खरंच द्यायचं होतं? इतकी वर्षं मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिलाय. कधी एक खरं वाटतं, कधी दुसरं. तो काही दुष्ट नव्हता. त्याचाही हात त्याच्या मनाआधी आडवा झाला असेल. पण मला ताम्राच्या गावभर फिरण्याचं वाक्य आठवायचं आणि मी एकटीच असताना तोंडावर पदर घ्यायचे.

त्या रिकाम्या दुपारी मी शेवटचं प्रकरण परत वाचलं, आणि मला ते पुस्तक दिसलं. आधी नुसती मी दिसत होते. ताम्राला लोकांनी जवळ केलं कारण तिचे हात कामाला आले. घड्याळ बंद पडलंच नसतं तर? चाक तापलेलं नसतं तर? तिनं मोजे काढले असते आणि लोकांनी सभ्यपणानं तोंडं फिरवली असती, आणि तिला दुसऱ्या दिवशी सकाळी उठून परत भट्टीवरच जायचं असतं. ते लेखकाला लिहायचं नव्हतं. माझे डाग कशाच्याच उपयोगाचे नाहीत. त्यांनी चाक फिरत नाही, भाकर गोल होत नाही, ते नुसते आहेत. अशा नुसत्या असण्याचं काय करायचं, हे मला विचारायचं होतं, आणि पुस्तकाकडं उत्तर नव्हतं, टाळ्या होत्या. भाचीच्या इंग्रजी पुस्तकातही तेच. पोरीचे पितळी पंख शेवटी सगळ्या शहराला वाचवतात. मी तिला फोन करून म्हटलं, "अगं, हिनं कुणालाच वाचवलं नसतं तर हिला कुणी जेवायला वाढलं असतं का?" ती म्हणाली, "मावशी, तू फार सिरियसली घेतेस." घेते बाई.

पंधरवडा झाला असेल. एका सकाळी मुरुड आला, बरोबर औसा आणि आणखी एक. अप्पांनी त्यांना ओट्यावर बसवलं, चहा दिला. अव्वा आणि मी पडद्याआड उभ्या. मुरुड म्हणजे मेंबरांतला वयानं मोठा, पुढारी स्वभावाचा, बोलणं गुळासारखं. म्हणाला, "अप्पा, दुसरीकडं जेवून पाहिलं. सोडा घालतात, छातीत जळजळ. भाकर म्हणावं तर कडा कच्च्या. पोरांची उपासमार होऊन राहिली." अप्पा म्हणाले, "मग या की, घर तुमचंच हाय." मुरुडनं जरा घसा साफ केला. "आमचं काय, एवढंच म्हणणं आहे, अप्पा... ताईंचं व्रत मोडू नये. चालत आलंय तसं चालू द्यावं. भाकरी ताईंच्याच पाहिजेत. फक्त..."

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. माझ्या हातचं खायला त्यांची ना नव्हती, चवीसाठी तर ते परत आले होते. हात तेवढे दिसायला नको होते. ज्या गोष्टीवर आधी त्यांनी भाबडेपणानं विश्वास ठेवला होता, तीच आता ते समजून-उमजून मागत होते, आणि आम्हीही समजून-उमजून ती द्यायची होती. अप्पांचा चेहरा उजळला तो मला पडद्याच्या फटीतून दिसला. त्यांनी मान वळवून आवाज दिला, "कांते, काय म्हणतीस बाळ? तुझ्यावर हाय." खरंच माझ्यावर सोडलं होतं त्यांनी. त्या माणसानं आयुष्यात माझ्यावर कधी जबरदस्ती केली नाही, हे मला लिहून ठेवायचं आहे.

आणि मला आनंद झाला. आता या वयात कुणाला काय घाबरायचं, जसा झाला तसा सांगते. अंगावरून धोंड उतरावी तसा आनंद. नांदेडला जायला नको, कुणापुढं वाकायला नको, सगळं होतं तिथं परत. मी आत राहीन, कुणी मला बघणार नाही. पुढं मी शिकले, नांदेडला शाळेत नोकरीला लागले, आज अर्ध्या बाह्यांत बाजारात जाते आणि भाजीवाल्यानं हाताकडं टक लावून पाहिलं तर "काय, मेंदी आवडली का?" म्हणून विचारते. पण त्या सकाळच्या आनंदाची लाज त्या रविवारच्या लाजेपेक्षा मोठी निघाली, ती काही केल्या जात नाही. मी अप्पांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "हाव, अप्पा. मी आतच बरी."

शेजारी अव्वानं माझं मनगट धरलं. मला वाटलं होतं, तिलाही हायसं वाटलं असेल. तिच्याकडं पाहिलं तर तिचे डोळे भरलेले, आणि ती ओठांतल्या ओठांत, बाहेर जाऊ नये म्हणून दबक्या आवाजात म्हणत होती, "न्हाई म्हन की गं. मी वाट बघून राहिले. एकदा तरी न्हाई म्हन."

तोवर बाहेर अप्पांनी त्या पोरांना उद्यापासून या म्हणून सांगून टाकलं होतं.